ती फक्त वाचून दाखवते

घाटंजीहून आमच्या तांड्याकडे वळलं की डाव्या हाताला कुटाराचा, म्हणजे गुरांसाठीच्या भुशाचा, एक ढीग लागतो. त्यावर ताडपत्रीऐवजी एक जुना फ्लेक्स अंथरला आहे, आणि त्या फ्लेक्सवर मी आहे. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. खाली लिहिलं आहे की मोबाईलवरच्या एका मोठ्या खेळात देशभरातल्या खेळाडूंना हरवून मी बहात्तराव्या वर्षी अजिंक्यपद मिळवलं. शेळ्यांनी ओढून ओढून एका बाजूचा माझा कान नेला आहे. बाकी सगळं शाबूत आहे, त्यातलं खोटंही.

ते अजिंक्यपद माझ्या सुनेचं आहे. तोंडी सांगून पाहिलं, कोणी ऐकून घेतलं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. शाळेच्या दालनात गुणवंतांचा लाकडी फलक होता. दरवर्षी दहावीत पहिल्या आलेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहायचं काम माझ्याकडे होतं. तीस वर्षं लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं. त्या कामातली एकच अडचण मी नव्या शिक्षकांना सांगत असे. रंग ओला आहे तोवर चूक टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते. सुकल्यावर मात्र ती ओळच्या ओळ घासावी लागते, खालचा काळा रंग पुन्हा द्यावा लागतो, आणि तरी तिरकं पाहिलं की तिथं काहीतरी होतं हे दिसतं.

घरात आम्ही दोघंच असतो, मी आणि सून. मुलगा राजूरला कोळशाच्या खाणीत आहे, सुट्टीच्या दिवशी येतो. नात यवतमाळला वसतिगृहात शिकते. बायको जाऊन तीन वर्षं झाली.

आमच्या बंजारा समाजात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि बोलायचं ते सासूच्या मार्फत. नव्या पिढीत हे सुटत चाललं आहे, पण आमच्या घरी ते राहून गेलं. कोणी सक्ती केली नाही, कोणी मोडलंही नाही. बायको होती तोवर काही अडत नव्हतं. ती गेली आणि मधला माणूसच नाहीसा झाला. मग सून चुलीकडे पाहून म्हणे, ‘‘जेवण झालं म्हणाव.’’ मी दाराच्या चौकटीला सांगे, ‘‘चष्मा कुठं ठेवला कोण जाणे.’’ थोड्या वेळानं चष्मा खिडकीत येई. चौदा वर्षं ती या घरात होती आणि तिनं माझ्याशी एक सरळ वाक्य बोललेलं मला आठवत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत नातीनं माझ्या मोबाईलवर तो खेळ टाकून दिला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बारीक अक्षराची पुस्तकं काही दिवस बंद होती, वेळ जात नव्हता. खेळ असा की त्यात आपलं एक माणूस असतं. ते चालतं, शिकतं, लढतं, आणि महिनोन्‌महिने आपण केलेलं सगळं त्याच्या अंगी लागत जातं. सुरुवातीला एक चौकट आली, नाव लिहा म्हणून. लोक तिथं वाघ, तुफान, सरकार असं काहीबाही लिहितात हे मला नंतर कळलं. मी शाळेच्या रजिस्टरात लिहितात तसं लिहिलं. आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं. पांढऱ्या दाढीचा वैद्य निवडला. त्या खेळात असं पूर्ण नाव घेऊन फिरणारा बहुधा मी एकटाच होतो. इतर खेळाडू मला दादाजी म्हणू लागले.

मला लढता येत नव्हतं. मी सकाळी चहा झाल्यावर दोन तास रानात फिरून झाडपाला गोळा करी. वैद्याला औषधासाठी निळी पानं लागत. मला ते आवडे. लढाईच्या जवळपास गेलो की मी मरत असे.

एक दिवस लक्षात आलं की माझा म्हातारा आठवडाभर मेला नाही. त्याच्या अंगावर चांगलं चिलखत होतं, आणि मी न शिकलेली तीन औषधं त्याला येत होती. त्याच्या झोळीत एक वही असते, खेळणाऱ्यानं स्वतःसाठी टिपणं ठेवावीत म्हणून. ती उघडली. त्यात लिहिलं होतं:

‘‘मामाजी, काल तुमी पुलावर चार वेळा मेले. तिकडं जाऊ नका. निळे पानं पाहिजे, पन्नास.’’

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. दुपारी मी झोपलो की सून खेळत होती. मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. मग खाली लिहिलं, ‘‘बरं.’’

तेव्हापासून ती वही चालू झाली. घरात आमची गोर बोली, पण वहीत दोघंही मराठीत लिहीत असू, लिहायला शाळेत तीच शिकलो म्हणून. ‘‘मामाजी, हे पानं पिवळे हायेत. नीट पाहून तोडा.’’ ‘‘मोबाईल चार्ज नव्हता, लढाई अर्धी राहिली.’’ मी लिही, ‘‘तो काळा घोडेस्वार कोण? मला पाहून हसतो.’’ ती लिही, ‘‘तो सगळ्यायलेच हासते. लक्ष नका देऊ.’’ पुढं पुढं घरातल्या गोष्टीही तिथंच येऊ लागल्या. ‘‘बीपीची गोळी तशीच हाये.’’ ‘‘मीठ संपलं.’’ आम्ही एकाच ओसरीवर तीन हातांच्या अंतरावर बसलेलो असायचो, आणि हे सगळं एका खोट्या म्हाताऱ्याच्या झोळीतून चालायचं. मला ते विचित्र वाटत नव्हतं. बायकोची जागा त्या वहीनं घेतली होती.

दर तीन महिन्यांनी त्या खेळात अजिंक्यपदाची स्पर्धा होते, चार-चार जणांचे संघ. तिच्या संघात एक इंदूरचा होता, एक नांदेडचा, आणि एक नुसता खोकायचा, कुठला ते कळलं नाही. ते तिला ताई म्हणत. कानात इअरफोन घालून, पदर सावरून, ती आतल्या खोलीत बसे आणि हळू आवाजात सांगे. ‘‘थांबा. आता नाई. थांबा म्हणतलं नं. आता.’’ घरात तिचा इतका ठाम आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी ओसरीवर तांदूळ निवडत ऐकत असे.

अंतिम लढत रविवारी दुपारी होती; पलीकडच्यांचं बोलणं मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. समोरचे चौघं घोड्यावर होते, आमचे पायी. नांदेडवाला ओरडत होता की आता संपलं. तेव्हा ती म्हणाली, ‘‘सगळे आपलं सामान खाली टाका. गोल टाका, आपल्या भवती.’’

‘‘ताई, तीन महिन्यांचं सामान आहे,’’ नांदेडवाला म्हणाला.

‘‘मंग घेऊन मर,’’ ती म्हणाली. ‘‘टाक खाली.’’

त्या खेळात सामान जमिनीवर टाकलं की त्याचं पोतं होतं, आणि पोत्यांवरून घोडा जात नाही. हे नियमात होतं, पण कोणी वापरलं नव्हतं. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर फिरत. मुक्कामाला गोण्यांचा गोल रचत आणि माणसं, लेकरं आत निजत. तिच्या आजीनं तिला हे सांगितलं होतं. घोडे गोलाभोवती फिरत राहिले, माझ्या निळ्या पानांवर आमचे चौघं जगत राहिले, आणि पोत्यांच्या आडून एकेक स्वार पडला.

जिंकल्यावर तो खेळ काय करतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. देशात जितके जण त्या वेळी खेळत होते त्या सगळ्यांच्या पडद्यावरचं आभाळ सोन्यासारखं झालं. गावोगावचे नगारे वाजले. एक दवंडीवाला गल्लीबोळातून माझं नाव घेत फिरला, आडनावापासून वडिलांपर्यंत. म्हाताऱ्याच्या खांद्यावर लाल शेला आला. राजधानीच्या चौकात त्याचा दगडी पुतळा उभा राहिला, आणि तिथून जाणारं प्रत्येक पात्र आपोआप मान झुकवू लागलं, खेळणाऱ्याच्या मनात असो वा नसो. पुतळ्यापाशी थांबलं की पूर्ण लढत पुन्हा पाहता येई. पुतळा पुढच्या विजेत्यापर्यंतच. पण मागच्या भिंतीवर विजेत्याचं नाव कायमचं कोरतात, आणि त्याखाली चार ओळी, हा कोण होता आणि कसा जिंकला याच्या. माझ्या शाळेच्या फलकावर नुसतं नाव आणि टक्के असत. कोण कसं शिकलं, हे तिथं लिहायची सोय नव्हती.

त्या चार ओळींसाठी खेळ चालवणारे विजेत्याची मुलाखत घेतात, मोबाईलवर, समोरासमोर.

गावात मीच सांगितलं होतं. ‘‘आमच्या घरी मोठं बक्षीस लागलं,’’ असं. ‘आमच्या घरी’चं ‘मास्तरले’ कधी झालं ते मला नीट ठाऊक आहे. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकानं पारावर माझी पाठ थोपटली आणि मी दुरुस्त केलं नाही, तेव्हा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी वहीत तिनं लिहिलं, ‘‘मामाजी, तुमी फक्त सुरुवात करा. मंग मले आवाज द्या. मी येतो.’’

मी लिहिलं, ‘‘बरं.’’

त्या दिवशी नायक आला, बरोबर चार जाणती माणसं. मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. ती आत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा पाहिलं, तिनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि हातात घडी केलेला कागद होता. हिंदीत काय बोलायचं ते लिहून ठेवलं असावं. ओठ हलत होते.

पडद्यावर एक मुलगी होती, हसतमुख. तिनं माझं वय विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाली, ‘‘दादाजी, रिकॉर्डिंग में एक महिला की आवाज़ आती है। वो कौन हैं?’’

नायक पुढे सरकला. चारी माणसं माझ्याकडे पाहू लागली. दाराआड बांगड्या वाजल्या, ती उठून उभी राहिली होती. मला फक्त हाक मारायची होती.

मी म्हणालो, ‘‘मेरी बहू है। मेरी आँख का ऑपरेशन हुआ है। वो सिर्फ़ पढ़कर बताती है।’’

ऑपरेशन खरंच झालं होतं. त्यानंतर मला स्वच्छ दिसत होतं.

त्या मुलीनं पोत्यांची युक्ती कशी सुचली विचारलं. मी जुन्या लोकांचं सगळं सांगितलं, बैल, गोण्या, मुक्काम. चांगलं सांगितलं. नायकाचे डोळे भरून आले. आजीचं नाव मी घेतलं नाही, कारण ती तिची आजी होती.

नंतर कळलं की त्या खेळात एका खात्यावर एकाच माणसानं खेळायचं, असा नियम आहे. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की त्या नियमासाठी, संघ बाद होऊ नये म्हणून मी खोटं बोललो. संघातले तिघं गप्प राहिले ते बहुधा त्यासाठीच. पण माझं तसं नव्हतं. मुलाखत दिली तेव्हा तो नियम मला माहीतच नव्हता. तीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली होती आणि चार माणसं माझ्याकडे पाहत होती. एवढंच होतं.

मुलाखत संपल्यावर ती चहा घेऊन आली. पदर हनुवटीपर्यंत होता. कागद हातात नव्हता.

मग सत्कार झाला, तांड्याच्या चौकात फ्लेक्स लागला. खेळातल्या भिंतीवर ओळी कोरल्या गेल्या. नातीनं फोनवर वाचून दाखवल्या. शेवटची ओळ अशी होती की या वृद्ध विजेत्याला त्याची सून पडद्यावरचं वाचून दाखवते. नातीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, ‘‘आबा, आई वाचून दाखवते?’’

मी म्हणालो, ‘‘अभ्यास कर.’’

सून खेळायची थांबली. घरातलं काही अडलं नाही, भाकरी वेळेवर, औषध खिडकीत. फक्त वहीत काही येईना. मी सकाळी निळी पानं तोडत राहिलो. काही दिवसांनी झोळी भरली आणि पान तोडलं की पडद्यावर येऊ लागलं, जागा नाही. तरी मी तोडायला जात होतो. मला दुसरं काही येत नव्हतं.

शेवटी मी वहीत लिहिलं, ‘‘माझी चूक झाली.’’

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी उत्तर होतं.

‘‘मामाजी, हे इथं कायले लिहिता. मी घरातच आहो.’’

मी मोबाईल ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती भाकरी थापत होती. दारात उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की तिला हाक कशी मारायची हेच मला ठाऊक नाही. चौदा वर्षांत मी तिचं नाव घेतलं नव्हतं. मी घेतलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पदर पुढे ओढला आणि थांबली.

‘‘माझ्यानं खोटं बोलणं झालं,’’ मी म्हणालो. ‘‘तुला हाक मारायची होती. मारली नाही.’’

‘‘मी तं उभीच होतो,’’ ती म्हणाली. चुलीकडे पाहून नाही, माझ्याकडे.

‘‘त्यांना खरं कळवतो. पण नियम असा आहे की ते सगळंच पुसतील. तुझंही नाव लागणार नाही, संघाचंही जाईल.’’

तिनं भाकरी उलटली. ‘‘काय लिवलं हाये तिथं माह्याबद्दल?’’

‘‘तुला माहीत आहे.’’

‘‘तुमी सांगा.’’

‘‘वाचून दाखवते.’’

‘‘मंग ते पुसा. सगळं गेलं तं जाऊ द्या. तिघायले मी सांगतो. पण ते पुसा.’’ भाकरीची कड करपत होती. ती म्हणाली, ‘‘मी काय वाचून दाखवतलं तुमाले? तुमी तं पुलावर मरून राह्यले होते.’’ मी हसलो. ती हसली नाही.

आधी नायकाकडे गेलो. तो गोठ्यात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मास्तर, वाघ मारला तं सांगाव. सुनेनं मोबाईल खेळला, हे कोणी पारावर सांगते काय?’’

‘‘जिंकली ती.’’

‘‘असंल. मंग काय, तुमचा फोटू काढून तिचा लावाचा चौकात?’’ बाजूचे दोघं हसले. ‘‘जा घरी. तुमच्या मनात काय भरलं काय माईत. शाल घेतली नं तुमी? मंग झालं.’’

दुसऱ्या दिवशी मी शाल परत नेऊन दिली. त्यानं घेतली नाही, पण चौकातला फ्लेक्स उतरवला. का उतरवला हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, आणि मी सांगितलं तर लोक म्हणतात, मास्तर आता वयानं काहीबाही बोलतात. फ्लेक्स त्याच्या कुटारावर गेला.

खेळ चालवणाऱ्यांना मी सविस्तर लिहिलं. वहीतली सगळी टिपणं जोडली. मीठ आणि गोळीसुद्धा काढली नाहीत, कारण काढली असती तर पुन्हा मीच निवडलेलं झालं असतं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. खरं सांगितल्याबद्दल आभार, नियमाप्रमाणे अजिंक्यपद रद्द, खातं बंद. भिंतीवरच्या चारही ओळी काढल्या. तिथं आता एवढंच आहे की या हंगामाचा विजेता नाही. ते खरं नाही. विजेती होती. पण ते लिहायची सोय त्यांच्याकडेही नाही.

खातं बंद झाल्यावर वहीही गेली.

इंदूरच्या मुलानं तिला निरोप पाठवला, ताई, कोई बात नहीं। खोकणाऱ्यानं काही कळवलं नाही. नांदेडवाल्यानं मला लिहिलं, ‘‘दादाजी, एकदा खोटं बोलून आमची तोंडं बंद केली, एकदा खरं बोलून आमचं पद घालवलं. दोन्ही वेळेला आम्हाला विचारलं नाही.’’

उन्हाळ्यात नात घरी आली. तिच्या मोबाईलवरून तिनं आम्हाला ती राजधानी दाखवली. चौकातला पुतळा गेला होता, नुसता चौथरा होता. पण मान झुकवण्याची व्यवस्था काढायची त्यांच्याकडून राहिली असावी. घोडेस्वार येत होते, सैनिक येत होते, आणि मोकळ्या चौथऱ्यापाशी प्रत्येक जण वाकून पुढे जात होता. सून बराच वेळ पाहत राहिली.

‘‘अजून वाकून राह्यले,’’ ती म्हणाली.

मग तिनं माझ्या मुलाला फोन करून, खेळाचं नवं खातं उघडायला, स्वतःच्या नावाचं सिमकार्ड मागवलं. ते आल्यावर नातीनं आपला जुना मोबाईल तिला दिला. नावाची चौकट आली तेव्हा मी उठून अंगणात गेलो. तिनं तिथं काय लिहिलं ते मला माहीत नाही. तिचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘ते माह्यं मी लिहीन.’’ तिचं नाही म्हणून मग कोणाचंच लिहिलं नाही.

आता ती दुपारी ओसरीवर बसून खेळते, आतल्या खोलीत नाही. वही तिच्या झोळीत आहे, मला ती उघडता येत नाही. मीठ संपलं की ती मला सांगते, तोंडानं. आम्ही फार बोलत नाही, पण बोलतो.

परवा मी विचारलं, ‘‘निळी पानं तोडून देऊ काय? सकाळी मला वेळ असतो.’’

तिनं मान वर केली नाही. बोटं चालू होती.

‘‘लागले तं आवाज देईन,’’ ती म्हणाली.

सकाळी चहा झाला की मी तिथंच ओसरीवर बसून असतो. अजून तिनं आवाज दिलेला नाही.